ललकारी आणि महसूल

बेळगावच्या किल्ल्यात शिरताना वेशीपाशीच गणपती आणि दुर्गा यांची देवळं लागतात. आत गेलं की कमलबस्ती दिसते. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याच्या काळातलं, १२०४ सालच्या सुमाराचं हे नेमिनाथाचं जैन मंदिर. त्याच्या छतातून खाली झुकलेलं दगडी कमळ पाहताना मान अवघडते, पण नजर हलत नाही. थोडं पुढे साफा मशीद आहे. आदिलशाही सरदार असदखान लारी याचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. त्याच तटाच्या आत रामकृष्ण मिशनचा आश्रमही आहे.

एवढं पाहून बाहेर पडणारा माणूस साहजिकच एक अंदाज बांधतो. इथे आधी जैन होते, मग हिंदू आले, मग मुसलमान, मग इंग्रज, आणि प्रत्येकाने आपल्या धर्मासाठी किल्ला घेतला. शाळेतल्या पुस्तकांनी आणि पडद्यावरच्या चित्रपटांनी हा अंदाज इतका घट्ट केलाय की तो अंदाज आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही. खुद्द किल्ल्याच्या इतिहासातून मात्र वेगळंच काही समोर येतं, आणि देशादेशांत युद्धं का झाली, धर्मासाठी किती आणि इतर कारणांसाठी किती, या मोठ्या प्रश्नाकडे वळायला बेळगावइतकी सोयीची जागा दुसरी क्वचितच सापडेल. गोव्याचं बंदर, घाटवाटा, कृष्णा-मलप्रभेच्या काठची काळी जमीन आणि विजापूर-कोल्हापूर-धारवाडचे रस्ते या सगळ्यांच्या मधोमध हे गाव वसलेलं आहे. दख्खनमधल्या बहुतेक सत्तांना कधी ना कधी ते हवंसं वाटलं.

१४७३ सालच्या वेढ्यापासून सुरुवात करू. बहमनी सल्तनतीचा वजीर महमूद गावान याने त्याच्या आदल्या वर्षी गोवा जिंकलं होतं. कोकणातल्या लहान-मोठ्या सत्ता व्यापाऱ्यांची आणि मक्केच्या यात्रेकरूंची जहाजं लुटतात, ही त्याची तक्रार होती. त्यात धर्म होता, पण अर्धाच. उरलेला अर्धा होता घोडा. दख्खनच्या हवेत चांगल्या घोड्यांची पैदास होत नसे. अरबस्तान आणि इराणमधून येणारा घोडा गोव्याच्या धक्क्यावर उतरायचा आणि ज्याच्या हातात धक्का त्याच्या हातात घोडदळ. विजयनगरला हे बंदर गेल्याचं दुःख असणारच. त्याच्याच चिथावणीवरून बेळगावच्या राजाने गोवा परत घेण्याचा प्रयत्न केला, आणि सुलतान तिसरा मुहम्मदशहा स्वतः गावानसह बेळगावच्या खंदकाशी येऊन बसला. तटाखाली सुरुंग पेरून स्फोट घडवले गेले. दख्खनमध्ये बारुदीचा असा वापर तोपर्यंत नवाच होता.

पुढचं इतिहासकार फिरिश्त्याने लिहून ठेवलंय. तट ढासळल्यावर राजा वेषांतर करून, आपल्याच वकिलाचं सोंग घेऊन सुलतानापुढे आला आणि तिथे त्याने आपली ओळख सांगितली. सुलतानाने त्याला अभय दिलं आणि आपल्या अमीर-उमरावांत घेतलं. किल्ला आणि मुलूख गावानच्या जहागिरीला जोडला गेला. जिंकलेल्या राजाला दरबारात बसायला जागा आणि वजिराला महसूल, असा तो शेवट आहे. केवळ काफिरांविरुद्धची लढाई म्हणून तिच्याकडे पाहिलं तर हा शेवट कळत नाही. बंदर आणि घोडा ध्यानात घेतला की सगळं उलगडतं.

त्यानंतर चाळीस वर्षंही लोटली नाहीत तोच गोव्याच्या त्याच धक्क्यावर पोर्तुगीज उतरले. १५१० मध्ये त्यांचा सेनापती अल्बुकर्क याला गोव्याकडे वळवलं ते होनावरच्या तिमोजी नावाच्या हिंदू सरदाराने. आता गोवा जिच्या हाती होतं त्या विजापूरच्या आदिलशाहीशी त्याला हिशेब चुकता करायचा होता. पोर्तुगीजांनी क्रूस आणला, हे खरं. गोव्यातल्या मुसलमानांची त्या वर्षी झालेली कत्तलही तितकीच खरी. आणि त्यानंतर त्याच पोर्तुगीजांनी घोड्यांचा व्यापार आपल्या मुठीत ठेवून विजयनगरशीही सौदे केले आणि विजापूरशीही.

सोळाव्या शतकातल्या दख्खनच्या राजकारणाची गुंतागुंत बेळगावचा असदखान लारी याच्याइतकी कुणात दिसणार नाही. कॅम्प भागातल्या त्याच्या दर्ग्याला आजही सर्व धर्मांचे लोक जातात. विजापूरच्या घराण्याचा पंथच तेव्हा बदलत होता. संस्थापक यूसुफ आदिलशहाने १५०२ मध्ये शिया पंथ जाहीर केला. त्याचा नातू इब्राहिम १५३४ मध्ये गादीवर आला आणि त्याने दरबार सुन्नी केला. असदखान शियाच राहिला. शेजारच्या अहमदनगरात बुऱ्हाण निजामशहा उलट सुन्नी सोडून शिया झाला. म्हणजे पंथ बदलले, राजे बदलले, पण दोघांमधलं भांडण तसूभरही बदललं नाही. ते सोलापूरच्या किल्ल्याचं आणि त्याच्या परगण्यांचं होतं. दोन्ही घराणी एकाच पंथाची असती तरी ते मिटलं असतं, असं मानायला जागा नाही.

याच सोलापूरच्या पार्श्वभूमीवर १५६५ सालची तालिकोटची, म्हणजे राक्षसतागडीची लढाई वाचावी. 'चार मुसलमान सुलतान एकवटले आणि हिंदू विजयनगर बुडालं' या एका वाक्यात ती आजही सांगितली जाते. वाक्य खोटं नाही, अपुरं आहे. त्याआधी काही वर्षं विजापूरचा अली आदिलशहा स्वतः विजयनगरला जाऊन तिथली सत्ता हाती असलेल्या रामरायाचा पाहुणा झाला होता आणि दोघांनी मिळून अहमदनगरवर स्वारी केली होती. रामराया वर्षानुवर्षं सुलतानांना एकमेकांविरुद्ध झुंजवत आला होता. शेवटी ते त्याच्याविरुद्ध एक झाले, आणि ती एकजूट बांधली कशाने? लग्नांनी. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली गेली आणि तिच्यासोबत आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला दिला गेला. अलीची बहीण अहमदनगरच्या घरात गेली. धर्माची हाक होतीच. अहमदनगरच्या स्वारीत रामरायाच्या सैन्याने मशिदी भ्रष्ट केल्याची फिर्याद फिरिश्ता आवर्जून नोंदवतो आणि लढणाऱ्या शिपायांना ती ऐकवली गेली असणार. पण लढाईनंतर थोड्याच काळात विजापूर आणि अहमदनगर पुन्हा एकमेकांच्या उरावर बसले. १५७० मध्ये मात्र तेच दोघे आणि कालिकतचा हिंदू सामुद्री राजा असे तिघे मिळून पोर्तुगीजांवर चालून गेले. गोवा आणि चौल दोन्ही वेढले गेले, दोन्ही पडले नाहीत.

एवढी उदाहरणं वाचली की वाचक दुसऱ्या टोकाला जातो. धर्म म्हणजे नुसता मुखवटा, खरं कारण पैसा, असं म्हणून तो मोकळा होतो. हेही तितकंच चुकीचं आहे, आणि बेळगावकरांना ते चुकीचं का आहे हे सांगायला घाट उतरून फार लांब जावं लागत नाही.

गोव्यात १५४० पासून तिसवाडीतली देवळं पाडली गेली. १५६० मध्ये धर्मसमीक्षण सभा, म्हणजे इन्क्विझिशन, आली. १५६६-६७ मध्ये साष्टीतली देवळं जमीनदोस्त झाली. या सगळ्यातून महसूल वाढला नाही, उलट कसणारी माणसं पळाली. केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला. रात्री नदी ओलांडून मूर्ती पलीकडे नेणाऱ्या त्या कुटुंबांसाठी धर्म हा मुखवटा नव्हता, आणि त्यांना पळवून लावणाऱ्या पाद्र्यांसाठीही नव्हता. पण पलीकडे म्हणजे कुठे? फोंड्याच्या अंत्रूज महालात, जो तेव्हा आदिलशाहीत होता. गोव्याच्या देवांना आसरा मिळाला तो विजापूरच्या मुसलमान सुलतानाच्या मुलखात. एकाच घटनेत धर्माचा छळ आणि धर्मापलीकडचा आसरा दोन्ही आहेत, आणि त्यातलं एक सांगून दुसरं लपवणं म्हणजे इतिहासाशी बेइमानी आहे.

या छळाची आठवण पुढे युद्धाला कारण झाली. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पाने साष्टी-वसईचा पोर्तुगीज मुलूख घेतला तेव्हा तिथल्या हिंदू रयतेची गाऱ्हाणी पुण्यापर्यंत पोहोचलेली होती. त्याच सुमारास इचलकरंजीचे व्यंकटराव घोरपडे आणि दादाजीराव भावे नरगुंदकर घाट उतरून गोव्यातल्या साष्टीत घुसले आणि मडगाव त्यांच्या हाती आलं. धर्म हे इथे मोठं कारण आहे, अगदी उघड. तरीही वसई खाली करून देण्याच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक दिली गेली. वसईच्या चर्चांतल्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि त्या आज भीमाशंकरसारख्या देवस्थानांत टांगलेल्या दिसतात. विजयाची खूण म्हणून घंटा न्यायच्या आणि हरलेल्यांना प्रार्थना मात्र करू द्यायची, असा तो तह होता.

मराठी वाचकाला सर्वांत अवघड जाणारं उदाहरण १७९१ चं आहे आणि ते टाळून हा विषय मांडता येत नाही. टिपूविरुद्धच्या युद्धात परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, तिथल्या शारदेच्या मूर्तीलाही धक्का लागला. शंकराचार्यांचं पीठ, आणि लुटणारी फौज हिंदू राज्याची. त्यानंतर शृंगेरीच्या स्वामींना धीराची पत्रं लिहून मूर्तीच्या पुनःप्रतिष्ठेसाठी मदत पाठवली ती टिपू सुलतानाने. ही पत्रं १९१६ मध्ये मठात सापडली. याच टिपूने काही वर्षांपूर्वी, १७८५ मध्ये, वाढीव खंडणीच्या मागणीवरून नरगुंदच्या भाव्यांना वेढलं होतं आणि कित्तूरही घेतलं होतं. म्हणून टिपू उदार होता किंवा मराठे अधर्मी होते असे निवाडे काढणं घाईचं ठरेल. पगार थकलेली, लुटीवर पोसली जाणारी फौज समोर मशीद आहे की मठ आहे हे पाहत नाही, आणि प्रजेतलं वजनदार पीठ आपल्या बाजूला राहावं असं कुठल्याही शहाण्या राजाला वाटतं. एवढं तरी या प्रसंगातून निर्विवाद दिसतं.

एकाच धर्माची, कधी एकाच भाषेचीही माणसं आपसात लढली याची उदाहरणं तर या भागात पावलापावलावर आहेत. १६७८ मध्ये दक्षिण दिग्विजयाहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांच्या फौजेला बैलहोंगलजवळच्या बेलवडीच्या लहानशा गढीने दाद दिली नाही. रसद वाहणारे बैल पळवल्यावरून भांडण सुरू झाल्याचं सांगतात. मल्लम्मा देसाईणीने ती गढी जवळजवळ महिनाभर लढवली. चिकोडी आणि मनोळी या तालुक्यांसाठी करवीरची, म्हणजे कोल्हापूरची गादी आणि निपाणीचे देसाई सिद्धोजीराव ऊर्फ अप्पासाहेब निंबाळकर यांनी वर्षानुवर्षं एकमेकांची गावं जाळली. १८१२ मध्ये इंग्रजांनी करवीरकरांकडून या तालुक्यांवरचा हक्क तहाने सोडवून घेतला, १८१८ च्या युद्धानंतर बक्षीस म्हणून तेच तालुके त्यांना दिले आणि काही वर्षांत परत काढूनही घेतले. निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडच्या ज्या काळ्या जमिनीत पुढे तंबाखूचं पीक उभं राहिलं, तिच्या मालकीची ही लढाई होती. देव दोन्हीकडे तेच होते, अंबाबाई आणि जोतिबा.

आणि कित्तूर. चन्नम्मा राणीचा लढा आज स्वातंत्र्याचा लढा म्हणून सांगितला जातो आणि तो तसा आहेच. पण ठिणगी पडली ती एका दत्तकावरून. देसाईंनी मरणाआधी घेतलेला दत्तक कंपनीने नामंजूर केला, खजिन्यावर पहारे बसवले. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी धारवाडचा कलेक्टर थॅकरे कित्तूरच्या वेशीपाशी मारला गेला. राणी १८२९ मध्ये बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत वारली. तिच्या बाजूने लढणाऱ्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये नंदगडला फाशी दिलं. कंपनीने या लढ्यात ना बायबल उगारलं ना कुठला पंथ मोडला. तिने वारसाहक्काचं कलम काढलं. पुढच्या तीस वर्षांत याच कलमाने किती संस्थानं गेली हे सातारा आणि झाशीचं नाव घेतलं की लक्षात येतं.

युरोपातही चित्र फारसं निराळं नाही. १६१८ ते १६४८ चं तीस वर्षांचं युद्ध कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचं म्हणून सुरू झालं. त्यात कॅथलिक फ्रान्सने, ज्याचा कारभार रिशल्यू नावाचा खुद्द एक कार्डिनल पाहत होता, प्रोटेस्टंट स्वीडनला पैसा पुरवला, कारण त्याला ऑस्ट्रियाच्या कॅथलिक हॅब्सबर्ग घराण्याची वाढ नको होती. इकडे औरंगजेबाने १६७९ मध्ये जिझिया बसवला आणि सात-आठ वर्षांत विजापूर आणि गोवळकोंडा ही दोन मुसलमान राज्यं बुडवली. त्या धामधुमीत बेळगावचं आजमनगर झालं. शहरातल्या एका वस्तीचं नाव अजून तेच आहे.

आता विसाव्या शतकाकडे, कारण बेळगावचा या विषयाशी सर्वांत जवळचा संबंध किल्ल्यात नसून कॅम्पातल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात आहे. १९२२ च्या पुनर्रचनेनंतर पलटणींचं प्रशिक्षण इथे आलं. त्याआधीच, पहिल्या महायुद्धात, कोल्हापूर, सातारा, रत्नागिरी, बेळगावकडची पोरं इराकच्या वाळवंटात पोहोचली होती. नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदी फौज बसऱ्याजवळ उतरली त्यामागे इराणच्या आबादानचा तेलशुद्धीचा कारखाना आणि त्याची तेलवाहिनी राखणं हे मोठं कारण होतं, कारण ब्रिटिश आरमार कोळसा सोडून तेलावर चालू लागलं होतं. त्याच महिन्यात तुर्की खलिफाने जिहाद पुकारला. खलिफाच्या हाकेने हिंदी मुसलमान शिपाई बंड करतील अशी जर्मनीची आशा होती. थोडीफार बंडं झाली, पण पलटणींतले बहुसंख्य मुसलमान तुर्कांविरुद्ध लढले. आणि जून १९१६ मध्ये खुद्द मक्केचा शरीफ हुसेन खलिफाविरुद्ध उठला. पवित्र क्षेत्राचा रखवालदारच उठला म्हटल्यावर जिहादच्या हाकेत काय उरलं?

तरीही धर्म त्या वाळवंटात होता, अगदी पोटापर्यंत. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ कूत-अल-अमारा इथे वेढ्यात अडकलेल्या फौजेत १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. धान्य संपलं तेव्हा घोडे कापले जाऊ लागले. उपासमारीने हाडांचे सापळे झालेले हिंदी शिपाई कित्येक आठवडे त्या मांसाला शिवले नाहीत. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवावी लागली, आणि ती आल्यावरही अनेकांनी अगदी शेवटी, एप्रिलमध्ये, तोंडात घास घातला. २९ एप्रिलला सुमारे १३ हजार माणसं शरण गेली. त्यातले कितीतरी कैदेतल्या पायपिटीत मेले. ज्या तेलासाठी त्यांना तिथे नेलं ते त्यांच्या खिजगणतीत नव्हतं, आणि ज्या धर्मासाठी ते उपाशी राहिले त्याचा त्या युद्धाच्या नकाशावर पत्ता नव्हता. युद्धाचं कारण एक आणि लढणाऱ्याचं कारण दुसरं, हा फरक या विषयात पुन्हा पुन्हा भेटेल. तो ध्यानात ठेवला नाही तर सगळी चर्चा भरकटते.

धर्म एक असला की देश टिकतो, ही समजूत १९७१ ने मोडली. पूर्व पाकिस्तानात २१ फेब्रुवारी १९५२ रोजी बंगाली भाषेसाठी विद्यार्थी गोळ्यांना बळी पडले आणि १९७० च्या निवडणुकीचा कौल नाकारला गेल्यावर फाळणीतून जन्मलेला देश पुन्हा फुटला. त्या डिसेंबरमध्ये जमालपूरला लढलेली पहिली मराठा पलटण याच बेळगावच्या केंद्राशी जोडलेली. त्याआधी दहा वर्षं, १९६१ मध्ये, गोवामुक्तीची फौज बेळगावातच जमली होती. गोव्याच्या स्वातंत्र्यचळवळीचा मोठा तळही इथेच होता आणि तिच्या पुढाऱ्यांत पीटर अल्वारिससारखे ख्रिस्ती होते. कॅथलिक पोर्तुगालविरुद्ध कॅथलिक गोवेकर उभे राहिले, म्हणून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा 'ख्रिस्ती गोवा' हा दावा लटका पडला.

भाषेच्या नावाने बेळगाव-निपाणीनेही रक्त पाहिलंय. १७ जानेवारीला दरवर्षी इथे १९५६ च्या हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरचा महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने स्वीकारला नाही, ८६५ गावांची मागणी कायम आहे आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. वीस वर्षांहून अधिक काळ हा दावा रखडला याचं दुःख इथल्या मराठी घराघरात आहे आणि ते रास्त आहे. पण चिकोडी-मनोळीसाठी जिथे गावं जाळली जात होती तिथे आज गावांसाठी वकील उभे राहतात. देशादेशांमध्ये त्यांच्या संमतीशिवाय बंधनकारक ठरेल असं न्यायालय नाही, दोन राज्यांमध्ये आहे. युद्ध आणि भांडण यांच्यातलं सर्वांत मोठं अंतर हेच आहे.

तेव्हा या विषयाकडे वळताना वाचकाने प्रत्येक युद्धाला दोन प्रश्न विचारावेत. शिपायांना काय सांगून रणांगणावर नेलं, आणि तहानंतर महसूल, बंदर, किल्ला, तेल कुणाच्या हाती गेलं? दोन्ही उत्तरं जुळली तर ते युद्ध जे सांगितलं जातं तेच होतं असं मानायला हरकत नाही. बहुतेक वेळा ती जुळत नाहीत. ललकारी सांभाळून ठेवणारे पुष्कळ आहेत, तहाची कलमं वाचणारे थोडे.

एक विनंतीही आहे. खानापूर, चंदगड, गडहिंग्लज, निपाणी, चिकोडी या भागांत अजून अशी घरं आहेत जिथे पणजोबांचं पलटणीतलं पदक देव्हाऱ्याशेजारी आहे, माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल आहेत, पेन्शनची जीर्ण पुस्तकं आहेत. महायुद्धाच्या त्या पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. तेवढ्यावरून तो माणूस कुठल्या आघाडीवर गेला याचा माग निघू शकतो. हे कागद आणि ही पदकं रद्दीवाल्याला किंवा सोनाराला देऊ नयेत. कागद मोडी जाणणाऱ्या माणसाकडून वाचून घ्यावेत, दोन्हींची छायाचित्रं काढून ठेवावीत, आणि जमल्यास जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला किंवा कोल्हापूरच्या पुराभिलेखागाराला दाखवावीत.